वायपरच्या मोटरवरचा पाळणा

हायित उस्तांनी पाळणा हवाली करताना मला एक गोष्ट सांगितली होती. मी ती हसण्यावारी नेली.

पहिल्या बाळाचा पाळणा मुलीच्या माहेरून यायचा, म्हणून माझे चाळीस दिवस सरल्यावर आई मला घेऊन त्यांच्या कारखान्यात गेली होती. आमच्या मार्गिलान शहरात, जुन्या बाजारामागे, पाळणे घडवणारे ते एकटेच कातारी उरले आहेत; अशा कसबी माणसाला आम्ही उस्ता म्हणतो. पाळणा उचलून बघितला तर भलताच जड. तुतीचं लाकूड, जमिनीवर डुलणाऱ्या खालच्या वाकड्या पट्ट्या जाडजूड, वरची आडवी दांडी माझ्या मनगटाएवढी. मी म्हटलं, उस्ता, बाजारात एका हाताने उचलावेत असे पाळणे मिळतात, हे वजन कशाला?

"मुद्दाम केलंय, पोरी," ते भुसा झटकत म्हणाले. "अर्धा तास झुलवलंस की हात भरून येईल. हात भरला की थांबशील. थांबलीस की पाळण्यावरचं कापड वर करून बघशील. हलका करून दिला तर तू थांबणार कधी?"

मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई. मला वाटलं, म्हाताऱ्याला रंधा मारायचा कंटाळा, त्यावर हा मुलामा. मी म्हटलं, "म्हणजे उस्ता, तुमची कला हात दुखवायची."

"हो," ते म्हणाले. "म्हणून तर कोणी शिकायला येत नाही."

घरी येईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

पाळणा घरात आला त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका जमल्या. सर्वांत वयस्कर बाईने रीतीप्रमाणे ओयदिनला, माझ्या मुलीला, मुद्दाम उलटं ठेवलं, पाय उशीवर आणि डोकं खाली, आणि विचारलं, "असं निजवू का?" बायका एका सुरात ओरडल्या, "नको, नको." मग तिने सुलटं निजवलं. गादीच्या भोकाखाली मातीचं भांडं बसवलं, दुपट्यात लघवी त्या भांड्यात नेणारी लाकडी नळी लावली, म्हणजे बाळ कोरडं राहतं. छातीवरून हात आणि खाली गुडघे रुंद पट्ट्यांनी बांधले, दृष्ट लागू नये म्हणून उशीखाली सुरी ठेवली आणि दांडीवरून एकावर एक सात कापडं सोडली. आत माझी मुलगी, बाहेर आम्ही. पुढे रोज हे मीच करायचे, आणि शेवटचं कापड सोडायचं दर वेळी जिवावर यायचं. पण ते कोणाला सांगायचं? सासूबाईंनी याच बांधणीत चार मुलं वाढवली होती.

ओयदिन रडायची. संध्याकाळी रडायची, सकाळी रडायची, दुधानंतर रडायची. मी एका वहीत सगळं लिहून ठेवायचे: किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, किती रडली. मला शाळेत नोकरीसाठी परीक्षा द्यायची होती. नवरा मोटारींच्या कारखान्यात, फक्त रविवारी घरी. सासूबाईंचा खांदा आखडलेला. पाळण्याची दांडी दिवसभर माझ्याच हातात, आणि उस्तांनी म्हटल्याप्रमाणे हात भरून यायचा. मी थांबायचे, कापड वर करायचे. ओयदिन माझ्याकडे बघून ओठ काढायची. मग मी उस्तांना मनातल्या मनात शिव्या घालायचे.

आणि मग आमच्या घरातले शोधक महाशय जागे झाले.

तोल्किन भावोजी म्हणजे माझे मोठे दीर. त्यांचं दुकान फ्रीज आणि धुलाईयंत्रं दुरुस्त करायचं, पण स्वतःची ओळख ते "शोधक" अशी करून देतात. पहिल्या भेटीतच, चहा येण्याआधी. त्यांनी आरसे लावून उन्हावर तापणारा सामोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, केला होता. त्यात पाणी कोमट व्हायला दुपार लागली, आणि आरशांनी अंगणातलं बिहीचं झाड मात्र एका बाजूने भाजून निघालं. लावा पक्ष्याच्या पिंजऱ्याला घंटी जोडून गजराचं घड्याळ केलं होतं. लावा तिसऱ्या दिवशी मेला. भावोजी म्हणाले, पक्षी सदोष होता. त्यांच्या शोधांत कधीच खोट नसते, खोट असते ती पाण्यात, उन्हात, पक्ष्यात.

या वेळी त्यांनी गाडीची काच पुसायची मोटर आणली, तिच्या दांड्याला लोखंडी पट्टी जोडली आणि ती आमच्या पाळण्याच्या दांडीला दोन भोकं पाडून बसवली. बटण दाबलं की पाळणा डुलायचा, घर्र-टक, घर्र-टक, एकाच गतीने, हवा तितका वेळ. जी वस्तू काचेवरचा चिखल पुसायला जन्माला आली, ती आता माझ्या मुलीला झोपवणार होती. भावोजींनी तिला नाव दिलं होतं, "आईचा तिसरा हात".

मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. मी बटण दाबलं आणि त्या दुपारी अडीच तास झोपले. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या मोटरचा आवाज मला तेव्हा अंगाईसारखा वाटला.

चौथ्या दिवसापासून ओयदिन रडायची कमी झाली, आणि आठवड्यात तर जवळजवळ थांबलीच. मी वहीत लिहिलं: "रडली नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. ते शब्द मी ठसठशीत अक्षरात लिहायचे, जणू परीक्षेचे गुण. वेळ बघायचे, दूध पाजायचे, नळी धुवायचे, पुन्हा बांधायचे. सगळी नोंद चोख. अधेमध्ये कापड वर करायचं मात्र माझ्या हातून सुटलं, कारण हात दुखतच नव्हता.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. बारचिनोय नाव, वय एकोणीस, नवरा रशियात बांधकामावर. तिच्याकडे एकटीचं घर आणि दोन महिन्यांचा मुलगा, डाव्या कानाजवळ चिंचोक्याएवढा काळा डाग. तिने ऐकलं होतं की आमच्याकडे आपोआप झुलणारा पाळणा आहे. भावोजी बाजारातल्या हलक्या पाळण्यांना मोटर बसवून द्यायला लागले होते, आणि ती घ्यावा की नको, अशा चिंतेत दारात उभी होती.

"तुमची रडते का यात?" तिने मला विचारलं.

"घे गं," मी म्हटलं. "माझी तर रडतच नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिला देवदूत वाटले असेन. ती दुसऱ्याच दिवशी पाळणा घेऊन गेली. जाताना म्हणाली, ताश्कंदला राहायला जायचंय, सर्गेलीच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, तिथे कोणी ओळखीचं नाही, पण हा असेल म्हणजे निभावेल.

महिनाभरात परदेशी पाहुणे आले. एक उंच गृहस्थ आणि त्याची बायको, दोघांचेही डोळे निळेभोर. जगभरच्या चमत्कारिक जागा, कला आणि शोध गोळा करून जाड पुस्तक काढणं हा त्यांचा धंदा. सांस्कृतिक भवनातल्या लोकांना एवढंच पुरलं. दोन दिवसांत "शोधांचा उत्सव" जाहीर झाला. भावोजी दाढी कोरून आले.

त्या दोघांनी आमच्या घरीही पायधूळ झाडली. त्यांना मोटरीचं कौतुक नव्हतं, त्यांना हवी होती ती लाकडी नळी. ती उजेडात धरून त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. बाईला हसू आवरेना, ती तोंडावर हात धरून पुन्हा पुन्हा दुभाषी मुलीला विचारत होती की खरंच का, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी का. कितीतरी पिढ्या ज्या नळीने मुलं कोरडी ठेवली, तिच्याकडे पाहून एक बाई खिदळत होती, आणि सासूबाई तिला कौतुकाने सुका मेवा वाढत होत्या. त्यांच्या वहीत आमच्या आधीच्या पानावर कुठल्याशा बेटावरची उलटी चालणारी पवनचक्की होती. आमच्या नंतर काय येणार होतं देव जाणे. ओयदिन तिथेच माझ्या कडेवर होती. तिच्याकडे कोणी एकदाही पाहिलं नाही. मी तेव्हा मनात म्हटलं, बरंच झालं, दृष्ट लागायला नको.

उत्सवाच्या दिवशी दुपारी भवनाच्या रंगमंचावर आमचा पाळणा ठेवला. भावोजींनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन घोषणा केली की बाळ अखंड एक तास झुलेल आणि रडणं शून्य असेल. मागे भिंतीवर घड्याळाचे मोठे आकडे. हायित उस्तांनाही बोलावलं होतं, पण शोधक म्हणून नव्हे. त्यांना कोपऱ्यात स्टुलावर बसवून छातीला चकती लावली होती: "जिवंत वारसा". सामानाला लेबल चिकटवतात तशी.

ओयदिनला मीच बांधलं. सासूबाई पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. समोर निळ्या डोळ्यांची दोन माणसं होती, त्यामुळे कापड उचलायचं नाही हे न सांगता ठरलेलं होतं. आमच्याकडे निळ्या डोळ्यांच्या दृष्टीला फार भितात. भावोजींनी बटण दाबलं. घर्र-टक, घर्र-टक.

मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर वही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. भावोजी तिसऱ्या हाताचे गुण सांगत होते: थकत नाही, चिडत नाही, कंटाळत नाही, मध्येच पाणी प्यायला जात नाही. माणसांच्या हातांना नावं ठेवताना त्यांना भलतीच मजा येत होती. टाळ्या पडत होत्या. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, नशीबवान आहेस, मुअत्तर. मी मान हलवली.

चाळिसाव्या मिनिटाला मला पान्हा फुटला. ब्लाउज ओला झाला. वेळ तिच्या दुधाची नव्हती, वहीप्रमाणे अजून दीड तास होता. मी उठून उभी राहिले. का उठले ते मला कळलं नव्हतं. सासूबाईंनी रंगमंचावरून डोळे मोठे केले, म्हणजे खाली बस, घराण्याची शोभा करू नकोस. आणि मी बसले. एवढं शिकलेली मी, शाल पुढे ओढून ओला डाग झाकून बसले. भावोजींना मी पुष्कळ नावं ठेवते, पण त्या दिवशी खाली बसले ती मीच.

मग स्टुलावरून उस्ता उठले.

छातीवरची चकती हलवत ते सावकाश रंगमंचावर चढले. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. फोटोवाला पुढे सरसावला. उस्तांनी झुलत्या पाळण्याच्या दांडीवर तळवा टेकवला, आमच्याकडे घोड्याच्या मानेवर टेकवतात तसा, आणि डोळे मिटून तीन-चार हेलकावे नुसते ऐकले.

"वजन पायाकडे गेलंय," ते म्हणाले.

"उस्ता, यंत्राला हात लावू नका," भावोजी ध्वनिक्षेपकातून हसले. "झटका बसला तर वारसा जिवंत राहायचा नाही."

सभागृह हसलं.

उस्तांनी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि पाळणा थांबवला. मोटर कण्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, पाहुणे बसलेत." उस्तांनी सातही कापडं एका झटक्यात मागे टाकली.

मी धावले तेव्हा कोणाकोणाच्या पायांवर पाय दिले मला आठवत नाही. ओयदिन खाली सरकली होती. त्या एकाच लयीच्या धक्क्याने ती बोट-बोट करत पायाकडे गेली होती आणि छातीवरची पट्टी वर चढून हनुवटीखाली रुतली होती. चेहरा बिटासारखा, ओठांच्या कडा पांढऱ्या, डोळे टक्क उघडे. ती रडत नव्हती. ती कापडाकडे बघत होती, जिथे कापड होतं तिथे. उस्तांनी गाठ सोडायच्या भानगडीत न पडता उशीखालची सुरी ओढली आणि पट्टी कापली.

तिने श्वास घेतला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग खोकली. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकलं, पण तेव्हाही रडली नाही.

भिंतीवरचे आकडे चालूच होते. बावन्न मिनिटं. रडणं शून्य. पुढच्या रांगेतल्या दोघा पाहुण्यांना वाटलं की जुन्या कलेने नव्यावर मात करायचं हे नाटक बसवलंय, आणि ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मागोमाग सगळं सभागृह उभं राहिलं. पाळणा आणला त्या दिवशी उलटं निजवलेल्या बाळाला पाहून गल्ली एका सुरात नको म्हणाली होती. इथे तीच गल्ली टाळ्या पिटत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. गळ्यावर वळ होता, बाकी ठीक होतं. त्यांनी विचारलं, रडते कशी? मी अभिमानाने नव्हे, सवयीने वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. ओळीने एकोणीस दिवस: रडली नाही, रडली नाही, रडली नाही.

"आणि हे तुम्हाला चांगलं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज देऊन कोणी येत नाही असं कळलं की इतकंसं बाळसुद्धा आवाज द्यायचं सोडून देतं. ते शांत झालेलं नसतं. त्याने आपल्यावर पाणी सोडलेलं असतं.

भावोजींना तिसरं बक्षीस मिळालं. त्यांच्या मते यंत्र निर्दोष होतं, बाळ नीट बांधलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याने असूयेपोटी घात केला. आता ते बाळाच्या कमरेला चामड्याचा पट्टा लावून सुधारित आवृत्ती काढतायत. बाळ सरकतं ना, मग आणखी आवळून बांधा, हे त्यांचं विज्ञान. सासूबाईंच्या मते निळ्या डोळ्यांची दृष्ट लागली. पाहुण्यांच्या पुस्तकाची प्रत हल्लीच भवनात आली. आमच्या वाट्याला अर्धं पान आहे: नळीचा फोटो, आणि खाली गमतीदार ओळ की इथली बाळं जगात सर्वांत शहाणी, कारण ती रडत नाहीत.

मी पाळणा उस्तांकडे नेला. ते "सांगितलं नव्हतं का" म्हणतील म्हणून मान खाली घालून उभी होते. त्यांनी मोटर काढून कोपऱ्यात टाकली, दांडीला पाडलेल्या दोन भोकांत तुतीच्या खुंट्या ठोकल्या, वरून कानशीने घासलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापेक्षा थोडा जड झालाय." बस, तेवढंच.

मोटर काढल्यापासून सोळाव्या दिवशी ओयदिन रडली. दुपारी, पाळण्यात, कापडाखाली. बारीक, अविश्वासाने, कोणी येतं का बघावं तशी. मी आधीच तिच्याजवळ होते, हात दुखून थांबलेली. मी तिला उचललं आणि तिच्यापेक्षा मोठ्याने रडले.

भावोजींनी दुकानाच्या भिंतीवर आपल्या गिऱ्हाइकांचे फोटो लावले आहेत, पाळण्याशेजारी हसणाऱ्या आया. अकरा फोटो. मी दहा घरी जाऊन आले. दोघींनी दारातूनच परत पाठवलं, एकीच्या सासूने मला जळकी म्हटलं, बाकीच्यांनी मोटर काढली किंवा काढतो म्हटलं. एका घरी मी कापड वर केलं तेव्हा आतलं बाळ माझ्याकडे तसंच बघत होतं, टक्क, आवाज न करता. त्याच्या आईने माझ्यासमोर तार उपटली.

अकरावी बारचिनोय. तिचा फोन लागत नाही. मार्गिलानमध्ये तिच्या जुन्या घरात आता दुसरी माणसं राहतात, त्यांना पत्ता माहीत नाही. माझ्या नवऱ्याने कारखान्यात विचारलं, मी बाजारात विचारलं. ती मोटरीच्या नाही, माझ्या भरवशावर पाळणा घेऊन गेली. भावोजी फुशारक्या मारत होते, हे तिलाही दिसत असणार. तिने विश्वास ठेवला तो एका आईच्या बोलण्यावर.

म्हणून सांगते. ताश्कंदच्या सर्गेलीत तुम्ही राहत असाल, किंवा तुमचं कोणी तिथे असेल, तर जिन्यात जरा थांबून ऐका. वरच्या कुठल्या मजल्यावरून घर्र-टक असा एकसारखा आवाज येत असेल आणि त्यासोबत बाळाचं रडणं कधीच ऐकू येत नसेल, तर वर जा. दार वाजवा. एकोणीस वर्षांची, सडपातळ मुलगी असेल, एकटी. बाळाच्या डाव्या कानाजवळ काळा डाग आहे. तिला म्हणा, मार्गिलानच्या मुअत्तरने पाठवलंय, आणि ती म्हणालीय की त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते चूक होतं. ती चहा विचारेल, तो नंतर घ्या. आधी आत जाऊन कापड वर करून बघा.